गाणं आलं, बोलणं नाही

संगीताने आजार बरे होतात का, असं मला आजवर इतक्या लोकांनी विचारलं आहे की आता मी सरळ "नाही" म्हणून टाकते. विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन करणाऱ्या संपादकांचाही पडला असावा, फोनवर दिसला नाही एवढंच. ते म्हणाले, "मग तुम्ही सव्वीस वर्षं केलंत काय?" प्रश्न रास्त होता.

कोल्हापुरातल्या एका इस्पितळात अर्धांगाच्या आणि मेंदूच्या दुखण्याच्या माणसांना पुन्हा चालायला, जेवायला, बोलायला शिकवणारा विभाग आहे. तिथे मी गाण्याचं काम करत होते. नेमणुकीच्या कागदावर नुसतं 'सहायक' असं लिहिलेलं. कशाची सहायक, ते निवृत्त होईपर्यंत कुणी लिहिलं नाही. वॉर्डात मला 'गाण्याच्या बाई' म्हणत. त्याआधी मी गाण्याच्या परीक्षा दिल्या होत्या आणि एका शाळेत प्रार्थना बसवत होते. मेंदूबद्दल जे काही थोडंफार कळतं, ते आमच्या डॉक्टरबाईंनी चहा पिता पिता शिकवलं.

लोकांना वाटतं, मी रोग्याच्या उशाशी तंबोरा घेऊन बसत असेन आणि खिडकीतून कोवळं ऊन येत असेल. माझ्याकडे एक पेटी होती, तिचा एक सूर कायम अडकायचा. एक छोटा स्पीकर होता आणि एक हलगी होती. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसायच्या. माणसं विचारायला यायची, "रक्तदाबाला कुठला राग? झोपेला कुठला?" जणू मी औषधांच्या दुकानात बसले होते. असा काही तक्ता माझ्यापाशी कधीच नव्हता. एकाच गाण्याने एक माणूस शांत व्हायचा आणि शेजारच्या खाटेवरचा चवताळायचा. गाण्याच्या आत काय आहे यापेक्षा त्या माणसाने ते कधी, कुठे, कुणाबरोबर ऐकलं आहे, यावर सगळं असायचं. आणि ते आम्हाला माहीत नसायचं.

एका मुलाने बेशुद्ध वडिलांच्या कानाशी फोन ठेवून चार दिवस भजनं लावली होती. बेशुद्ध माणसालाही ऐकू येतं, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. त्याचं प्रेम खोटं नव्हतं. पाचव्या दिवशी म्हातारे शुद्धीवर आले. मी गेले तेव्हा त्यांनी मला बोटाने जवळ बोलावलं आणि बारीक आवाजात म्हणाले, "ते आधी बंद करा. मला वाटलं मी मेलोय, आन् दारात भजनी मंडळ बसलंय."

आम्ही त्यावर खूप हसलो. नंतर घरी गेल्यावर माझ्या मनात आलं, की हा माणूस चार दिवस स्वतःचं मरण ऐकत पडला होता.

दुसरे एक म्हातारे पैलवान होते. कंपवाताने पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. उभे राहायचे, पण पाऊल उचलायचं नाही. मी हलगी घेतली आणि सावकाश ठेका धरला. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला त्यांची टाच उचलली गेली आणि ते आमचा सबंध व्हरांडा चालून गेले. त्यांची लेक रडायला लागली. दाराशी एका सिस्टरने मला काहीतरी विचारलं, म्हणून मी वाजवायची थांबले. पैलवान उंबऱ्यावर जागच्या जागी थांबले. मागे जेवणाची ट्रॉली, पुढे माणसं, आणि मध्ये हा डोंगराएवढा माणूस.

"बाई," ते म्हणाले, "तुमी थांबला की मी थांबतो. घरात हलगी कोण वाजवणार?"

ठेका रेकॉर्ड करून दिला. सहा-सात महिन्यांनी लेक भेटली. म्हणाली, सुरुवातीला लावायचो, नंतर घरातल्यांची डोकी दुखायला लागली. बाबा आता बसूनच असतात. मी तिला काय बोलणार? दिवसभर तोच ठेका ऐकणं सोपं नाही. ते मी करत होते, पण मला त्याचा पगार होता.

हे सगळं सांगितलं ते आक्काताईंबद्दल सांगता यावं म्हणून.

आक्काताई शाहूवाडीकडच्या एका खेड्यातल्या. साठीच्या आसपास वय, भातशेती, चार म्हशी, एक मुलगा मुंबईला नोकरीला, सून गावातच. एका सकाळी धार काढताना कोसळल्या. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली. आमच्याकडे आल्या तेव्हा पाय थोडा उचलायच्या, पण तोंडातून फक्त "ता... ता..." निघायचं. समजत सगळं होतं. ही गोष्ट घरच्यांच्या लवकर ध्यानात येत नाही. बोलता न येणाऱ्या माणसाशी लोक मोठ्याने बोलायला लागतात, जसा काही तो बहिरा झाला आहे.

त्यांच्याबरोबर नवरा होता, ज्ञानदेव. त्यांना मी मामा म्हणायचे. उंच, वाळका माणूस, टोपी कधी डोक्यावर, कधी गुडघ्यावर. पहिल्याच दिवशी ते मला म्हणाले, "बाई, आमच्या पंचक्रोशीत हिच्यासारखा गळा न्हाय. लगीन असू द्या, बारसं असू द्या, गौरी असू द्या, ही आल्याबिगर गाणं सुरू व्हायचं न्हाय. तुमी गाण्याच्या बाई हाय म्हणं. मग तुमचं आन् हिचं जमणार बगा."

माझेही डोळे चमकले असणार. डॉक्टरबाईंनी मला समजावलं होतं, की बोलणं मेंदूच्या ज्या बाजूने येतं ती दुखावली, तरी गाण्याची वाट बरीचशी निराळी असते. जन्मभर पाठ असलेलं गाणं शब्दांसकट त्या वाटेने बाहेर येऊ शकतं. असा गळा असलेली बाई माझ्याकडे पहिल्यांदाच आली होती.

मी सुनेला, सुरेखाला, आक्काताईंचं एखादं गाणं विचारलं. तिने एक सांगितलं, लावणीच्या वेळचं, म्हणजे भाताच्या लावणीचं: "खाचराच्या चिखलात पाय माझा रुतला गं." मी पेटीवर चाल काढली, आक्काताईंचा डावा हात माझ्या हातात घेतला, तळव्यावर ठेका देत गुणगुणायला लागले. पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा ओठ हलले. चौथ्यांदा मी अर्ध्यावर मुद्दाम थांबले, आणि त्या बाईने, जिच्या तोंडून दीड महिना "ता"शिवाय काही निघालं नव्हतं, तिने लख्ख आवाजात म्हटलं, "पाय माझा रुतला गं."

मामा फरशीवरच बसले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली. सुरेखा नुसती बघत होती. मी धावत डॉक्टरबाईंना बोलावून आणलं, पुन्हा म्हणवून घेतलं, मग इतर खाटांवरचे नातेवाईक आले, मग त्यांच्यासाठी म्हणवून घेतलं. एका दिवसात आक्काताईंनी ते गाणं बारा-पंधरा वेळा म्हटलं असेल.

मामांनी ते फोनवर रेकॉर्ड केलं आणि गावाला पाठवलं. गारगोटीहून त्यांची बहीण आली, तिला ऐकवलं. भावकीतली माणसं आली, त्यांना ऐकवलं. कुणी आलं की मामा सुरुवातीचे दोन शब्द म्हणायचे, "खाचराच्या चिखलात...", आणि आक्काताई पुढचं म्हणायच्या. सुरुवात कुणी करून दिली की पुढची ओळ त्यांच्या तोंडून निघायचीच. ते त्यांच्या हातात नव्हतं. पाठ असलेलं गाणं तसंच असतं, उतारावर सोडलेल्या सायकलीसारखं. पाणी हवं असेल तर मात्र त्यांना पाणी म्हणता येत नव्हतं. त्या तांब्याकडे बघत राहायच्या, कुणाचं लक्ष जाईपर्यंत.

दोन महिन्यांनी इस्पितळात पाहुणे येणार होते. आमच्या विभागाचं काम दाखवायचं ठरलं. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, मी हो म्हटलं, आनंदाने म्हटलं. सुरेखाने सासूला नवं लुगडं नेसवलं. मी पेटी घेतली, आक्काताई खुर्चीत बसल्या आणि पन्नास माणसांसमोर त्यांनी सबंध गाणं म्हटलं. गाताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. समोरचे लोक डोळे पुसत होते. एका पाहुण्यांनी भाषणात "हे आनंदाश्रू" असं म्हटलं. कुणालाच, मलाही, दुसरं काही वाटलं नाही. गाणं चालू असलं की रडणं कसलं आहे, हे गाणंच ठरवून टाकतं. तेच पाणी गाण्याशिवाय वाहिलं असतं, तर कुणीतरी विचारलं असतं, "आक्काताई, काय झालं?"

कार्यक्रमानंतर मी नळावर हात धुवत होते. सुरेखा डबा विसळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "मॅडम, एक सांगू का? आत्ती घरात कधीच गात न्हायत."

सासूला ती आत्ती म्हणायची. मला वाटलं, आजारपणाबद्दल बोलते आहे.

"न्हाय, पयल्यापासनं. मला लगीन होऊन नऊ वरसं झाली. लावणीला त्यांचंच गाणं बाकीच्या बायका गात्यात, आत्ती गप. गोठ्यात गप, चुलीपुढं गप. कुणी बोलवायला आलं की पदर खोचून जायच्या, गाऊन यायच्या, आन् आल्यावर दोन दोन तास कुणाशी बोलायच्या न्हायत. त्यांनीच मला एकदा सांगितलंय, त्यांच्या आईचं दहावं झालं आन् तिसऱ्या दिवशी भावकीतल्या हळदीला गायला न्येलंतं."

"कुणी नेलं?"

"सगळ्यांनीच की. कुणी एकानं न्हाय." डब्याचं झाकण लावून ती म्हणाली, "गळा चांगला होता न्हवं त्यांचा."

ती गेली. मी नळ तसाच सोडून उभी राहिले. माझ्या स्वतःच्या घरात मी किती वर्षांत गुणगुणले नव्हते, ते मला आठवेना. दिवसभर गाऊन घरी गेलं की कुकरची शिट्टीसुद्धा नको व्हायची. नातेवाइकांकडे कार्य असलं की सगळे म्हणायचे, "तू म्हण की काहीतरी, तुला काय, येतंच." मी म्हणायचे. घसा दुखतो असं सांगायला मला तरी तोंड होतं.

दुसऱ्या दिवशी मी पेटी नेलीच नाही. आक्काताईंशी आमची एक खूण ठरलेली होती: हो असेल तर त्यांनी डाव्या हाताने माझा हात एकदा दाबायचा. मी खुर्ची जवळ ओढली, हातात हात घेतला आणि विचारलं, "आक्काताई, तुम्हाला गायचं आहे का?"

दोन महिन्यांत हा प्रश्न मी पहिल्यांदा विचारत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हात माझ्या हातात तसाच पडून राहिला. बराच वेळ राहिला. मग मी विचारलं, "बोलायचं आहे?" तेव्हा त्यांनी माझी बोटं इतकी आवळली की अंगठी रुतली.

त्यापुढचं काम मी आधीच करायला हवं होतं. गाण्याच्या वाटेने गाणं आणण्यात फारसं शहाणपण नाही. त्या वाटेने माणसाचं स्वतःचं बोलणं आणायचं असतं. चाल तीच ठेवायची, सवयीची, आणि तिच्यात रोजचे शब्द बसवायचे. "पाणी थोडं द्या गं." "पाय माझा दुखतो गं." मी म्हणायचे, हातावर ठेका द्यायचे, त्या मागून म्हणायच्या. एकेका तुकड्याला आठवडा जायचा. शब्द निसटायचे, जुनी ओळ मध्येच घुसायची आणि त्या रागाने मान हलवायच्या. मी बरेच तुकडे शिकवले: भूक लागली, हे नको, बास झालं, गप बसू द्या, दार लावा. नकाराचे तुकडे मी मुद्दाम जास्त घेतले.

मामांना हे पसंत नव्हतं. "बाई, गाणं चांगलं चाललंतं की," ते म्हणाले. "हे पाणी द्या, दार लावा, ह्यात काय हाय? पाणी आमी देतोयच. तिचं गाणं तेवढं जाऊ देऊ नगासा."

"मामा, त्यांना बोलता यायला हवं."

"येईल की हळूहळू. पर गाण्यात ती मला पयल्यासारखी दिसत्या. बाकीच्या टायमाला न्हाय दिसत."

मी त्यांना दोष देऊ शकले नाही. त्या माणसाचं अर्धं आयुष्य खाटेवर पडलं होतं आणि त्यातलं एवढंच त्याला ओळखू येत होतं.

मग एका दुपारी गावाकडून पाच-सहा बायका आक्काताईंना बघायला आल्या. मी शेजारच्या खाटेवर दुसऱ्या रोग्याबरोबर होते. मामांनी सवयीप्रमाणे सुरुवात करून दिली, "खाचराच्या चिखलात..." आक्काताईंनी डोळे मिटले. एरवी लगेच पुढची ओळ यायची, त्या दिवशी आली नाही. मामांनी पुन्हा म्हटलं. आक्काताईंचा डावा हात मांडीवर ठेका धरायला लागला, एक, दोन, तीन, आणि त्या गायल्या:

"बास झालं गाणं आता, मला गप बसू द्या गं."

चाल तीच होती, आवाज तोच लख्ख. त्यामुळे बायकांच्या ध्यानात आलंच नाही. दोघी-तिघी टाळीवर ठेका धरून डोलत होत्या. एक म्हणाली, "अगं बया, गळा अजून हाय तसा हाय." आक्काताईंनी पुन्हा तीच ओळ म्हटली, जास्त मोठ्याने. मग टाळ्या एकेक करून थांबल्या.

मामांनी सुनेकडे बघितलं. "काय म्हणाली ती?"

"आत्ती म्हणाल्या, बास."

तुकडे माझेच होते, पण जोडले होते त्यांनी. 'गाणं आता' हे शब्द मी कधीच शिकवले नव्हते. आजाराने कोसळल्यापासून ते त्यांचं पहिलं स्वतःचं वाक्य होतं. डॉक्टरबाईंना ते सांगितलं तेव्हा त्या हर्षाने उठून उभ्या राहिल्या. मला मात्र उठावंसंही वाटत नव्हतं.

मामा व्हरांड्यात बाकावर बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. ते म्हणाले, "चाळीस वरसं गात्या ही. कधी म्हणाली न्हाय, नगं म्हणून."

"कधी विचारलं होतं का, मामा?"

त्यांनी टोपी गुडघ्यावर फिरवली. "गाणाऱ्या माणसाला काय इचारायचं, बाई? आमाला वाटायचं, तिला बरं वाटतंय. ऐकणाऱ्याला बरं वाटतंय म्हणजे गाणाऱ्याला वाटत असणारच की." मग म्हणाले, "तुमी तरी कुटं इचारलंतं?"

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. सरळ विचारलं होतं. ऐकणाऱ्यावर गाण्याचा काय परिणाम होतो, हे बघण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. गाणाऱ्याकडे बघायचं राहून गेलं.

त्या दिवसापासून मामांनी सुरुवात करून देणं सोडलं. फोनवरचं रेकॉर्डिंगही पुसलं. पुसायच्या आधी बाहेर जिन्यात जाऊन एकदा ऐकलं, ते मी पाहिलं. महिन्याभरात आक्काताई घरी गेल्या. जाताना मला त्यांनी आमच्याच चालीत म्हटलं, "दार लावा, जाते मी गं," आणि हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पुढच्या भाद्रपदात मामांचा फोन आला. मी निवृत्त होऊन दोन महिने झाले होते, नंबर त्यांनी इस्पितळातून मिळवला होता. म्हणाले, गौरी बसल्यात, भावकीतल्या बाया दारात आल्या, हिला खुर्चीत घालून न्यायला. एक ओळ तरी म्हण म्हणाल्या.

"मग?"

"मग ही म्हणाली, न्हाय."

"चालीत?"

"तेच सांगायला फोन केलाय, बाई. चालीत न्हाय. हातानं ठेका न्हाय. आपलं साधं, माणसं बोलत्यात तसं. न्हाय. बाया गेल्या माघारी. ती बसलीय हितं तांदूळ निवडत, डाव्या हातानं."

मग त्यांनी विचारलं, "चांगलंच झालं म्हणायचं न्हवं हे?"

"हो मामा," मी म्हटलं. "फार चांगलं झालं."

"व्हय," ते म्हणाले. "चांगलंच झालं की." पण फोन त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवला नाही. पलीकडे सुपात तांदूळ सरकवल्याचा आवाज तेवढा येत होता, आणि आम्ही दोघं तो ऐकत राहिलो.